परातीतलं पुसलेलं नाव

हे कोणाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पटलं, तर माझ्या सांगण्यात कुठेतरी चूक झाली असं समजा.

नातवाच्या लेकीचं बारसं आटोपलं होतं, जेवणं झाली होती. ओसरीवर आम्ही पान लावत बसलो होतो. मी, माझा नातू अनंतकृष्ण, त्याच्या बँकेतले दोन मित्र. भिंतीला टेकून माझी लेक कृष्णवेणी. ती बळ्ळारीला असते, इकडे येत नाही. अनंताला बहीण नाही आणि बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या तर हवी, म्हणून त्याने स्वतः जाऊन आपल्या आत्येला आणलं. आल्यापासून ती कामापुरतंच बोलत होती.

एका मित्राने विचारलं, "अज्जा, असली कुठे न ऐकलेली नावं तुम्ही आणता तरी कुठून?"

"आणायचं सोड," मी म्हटलं. "एकदा ठेवायच्या आधीच एक नाव चोरीला गेलं होतं. त्याची गोष्ट ऐक."

राज्यांची फेररचना होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. इथेच, देवराज मोहल्ल्यात, बिंदुमाधवराव नावाचे एक मास्तर राहत. शाळेत संस्कृत शिकवायचे, पण गाव ओळखायचं ते नावांसाठी. घरात एक शिसवी पेटी होती, पेटीत साडेतीन हजार कार्डं. दर कार्डावर एक नाव. अर्थ काय, कोणत्या पुराणातलं, कोणत्या नदीवरून आलं, मोहल्ल्यात आधी कोणाचं आहे का. असेल तर ते नाव बाद. बन्नूरचे शेतकरी उसाची मोळी खांद्यावर घेऊन नाव मागायला येत. एकदा एकाला तिळे झाले. मास्तरांनी दोनच नावं दिली, तिसऱ्याला पुढच्या सोमवारी बोलावलं. एका दिवसात तीन अनवट नावं दिली की पावसाचं बिघडतं, म्हणाले. आणि खरंच, त्या सोमवारपर्यंत आभाळ कोरडं राहिलं.

धोंडू, केरू, भिकू, तिप्पण्णा असली नावं ऐकली की मास्तरांचं तोंड वाकडं व्हायचं. "ही भीतीची नावं," ते म्हणायचे. "भीतीला मी कार्ड देत नाही."

अशा माणसाच्या घरी पहिला नातू झाला. नाव ठेवलं अमृतेश. एकवीस दिवसांनी गेला. दुसरा झाला. मृत्युंजय. अर्थ सांगायला नको. तो एकोणीस दिवस राहिला.

तिसऱ्याच्या बारशाच्या सकाळी मास्तरांचा मुलगा प्राणेश धावत रंगराव शिंप्याच्या दुकानात आला.

हा रंगराव म्हणजे अफाट माणूस. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं मशीन. गळ्यात माळ, तोंडात विठ्ठल, कानावर खडू. हरवलेल्या वस्तू शोधण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. उसवलेल्या टाक्यावरून तो चोराचं गाव सांगायचा, आणि चोर ऐकून स्वतःच गाव बदलायचा.

"रंगण्णा, बेग या, लवकर," प्राणेश म्हणाला. "कापड असू द्या तसंच."

"काय हरवलं?"

"नाव."

रंगरावाने मशीनवरून पाय काढला.

मास्तरांच्या दारात पोचल्यावर त्याला पहिल्यांदा दिसली तुंगा. मास्तरांची लेक, शिवमोग्ग्याला दिलेली, बारशासाठी आत्या म्हणून आलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अंगणाच्या मधोमध उन्हात एकटी उभी होती. नवं लुगडं नेसलेली. कोणी बांधलेलं नव्हतं, पण ती पायरी चढत नव्हती.

"अक्का, उन्हात का?"

"उभी केलीय," ती म्हणाली. मान वर केली नाही.

रंगरावाला उगीचच स्वतःच्या चपलांची लाज वाटली. त्या काढून तो वर चढला.

ओसरीच्या पलीकडे देवघर. चौरंगावर परात, परातीत तांदूळ पसरलेले. पहाटे मास्तरांनी सोन्याच्या अंगठीने त्या तांदळावर 'हयग्रीव' असं लिहिलं होतं आणि वर रेशमी रुमाल झाकला होता. मुहूर्ताला अर्धा तास असताना रुमाल उचलला, तर तांदूळ सपाट. नाव पुसलेलं.

दारात गोदावरीबाई उभ्या होत्या. बन्नूरहून आलेल्या विहीणबाई, बाळाच्या आईची आई.

"शिवू नका काही," त्या म्हणाल्या. "सगळं मडीतलं आहे." मडी म्हणजे सोवळं. आमच्याकडे हाच शब्द चालतो.

"शिवत नाही, बाई. बघतो. अंगठी कुठाय?"

"ती काय. विड्याच्या पानावर."

रंगरावाने पाहिलं. परातीशेजारी धुतलेलं पान, पानावर अंगठी. रुमाल जसा होता त्याच घडीत परत झाकलेला होता म्हणे.

"अंगठी पानावर तुम्ही ठेवलीत?"

"नाही. तशीच होती."

"बाळापाशी कोण होतं?"

गोदावरीबाईंनी हनुवटी अंगणाकडे केली. "ती. मी माझ्या लेकीला न्हाऊ घालत होते मोरीत. जावई फुलांना गेलेले. मास्तर पहाटे पाचला न्हाऊन मडीत बसलेत पोथीच्या खोलीत, उठले नाहीत. उरलं कोण? दोन पोरं गेली, तेव्हाही आत्या हीच होती. दोघांच्या कानात हिनेच नाव सांगितलं. आता तिसऱ्याचं पुसलं. जिचा स्वतःचा पाळणा हलला नाही, तिला दुसऱ्याचा बघवत नाही. मी ओरडून नाही बोलत, पण बोलते. आज ती जाईल, आणि परत या उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल पडणार नाही. मास्तरांनाही सांगितलंय."

"मास्तर काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

रंगराव पुन्हा अंगणात गेला.

"अक्का, बाळाला सोडून कुठे गेला होतात?"

"कोठीच्या खोलीत."

"किती वेळ?"

"पाव तास असेल."

"कशाला?"

तिने पदर तोंडाशी धरला.

"अक्का, सांगितलंत तर निभेल."

"त्याला छातीशी धरलं होतं," ती अगदी हळू म्हणाली. "खाली ठेववेना. मग माझी मलाच लाज वाटली. त्याला पाळण्यात ठेवलं आणि कोठीत जाऊन रडले. हे त्यांना सांगू म्हणता?"

रंगरावाने खाली मान घातली म्हणून त्याला तिची पावलं दिसली. सकाळी लावलेली हळद घोट्यापर्यंत जशीच्या तशी, कोरडी. कडेची कुंकवाची रेघसुद्धा मोडलेली नव्हती.

"बाळ दाखवा," तो आत जाऊन म्हणाला. "झबलं मी शिवलंय. माझं काम मला बघू द्या."

वेदवती, बाळाची आई, ओले केस पाठीवर सोडून माजघराच्या दारात आली. बाळाला तिने दुपट्यावर खाली ठेवलं आणि मागे सरली.

"रंगण्णा, मला काही नको," ती म्हणाली. "नाव नको की बारसं नको. एवढा राहू दे."

झबलं बिनबटणाचं होतं, एकावर एक पदर येऊन कडेला नाडीने बांधायचं. रंगराव त्या नाडीकडे बराच वेळ बघत राहिला.

"वेदक्का, सकाळी झबलं कोणी घातलं?"

"मी."

"नाडी कशी बांधलीत?"

"कशी बांधतात? सुरगाठ."

नाडीला गाठ नव्हती. ती बाळाच्या अंगाभोवती तीन वेढे घेऊन स्वतःच्याच खाली खोचलेली होती. रंगरावाने बाळाच्या मानेची घडी बोटाने उघडली. आत तांबूस कोंड्याचे चार कण.

"तुमच्याकडे गाय आहे?"

"नाही. शेजारी मालतीबाईंची आहे."

मागचं दार उघडून रंगराव बाहेर गेला. विहिरीपाशी सगळं निसरडं, ओलं. पलीकडे मालतीबाईंचा गोठा, आणि दोन्ही घरांच्या मधे उकिरडा. त्यावर शेण, राख, केळीचे सोप. तिथवर जायचं तर घोटाभर चिखलातून जावं लागे. गोठ्याच्या भिंतीला एक सूप उभं केलेलं होतं. मालतीबाई धारेला बसल्या होत्या. त्यांच्या पदराच्या टोकाला मुठीएवढी गाठ मारलेली होती.

"मालतीबाई, पदरात काय बांधलंय?"

"माझं नशीब."

"मूठभर दिसतंय."

"मूठभरच असतं सगळ्यांचं."

"आज सकाळी तुमच्याकडे कोणी आलं होतं?"

त्यांनी गाईच्या पाठीवर थाप मारली. "रंगण्णा, सुम्ने, उगीच नका विचारू. सौदा झाला. सौद्यातलं माणूस बोललं तर सौदा मोडतो, आणि हा मोडून चालणार नाही. मुलाला दात आल्यावर या. तेव्हा सगळं सांगते."

"मी फक्त एवढंच विचारतो. ती तुंगा होती?"

मालतीबाईंना हसू आलं, आणि ते त्यांनी आवरलं.

राहिले मास्तर. पोथीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर रंगराव बसला. मास्तर आत पाटावर. पुढे पेटी, बाजूला लाल बासनात गुंडाळलेल्या पोथ्या. शेंडीच्या टोकातून पाठीवर पाण्याचा थेंब पडला, मग आणखी एक.

"मास्तर, हयग्रीव म्हणजे काय हो?"

मास्तरांचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. "घोड्याच्या मुखाचा विष्णू. दैत्यांनी वेद पळवले तेव्हा पाताळात जाऊन परत आणले त्याने. गेलेलं परत आणणारं नाव आहे, रंगराव. इथे कोणाचं नाही."

"आणि तिप्पण्णा?"

"काय?"

"पेटीत तिप्पण्णाचं कार्ड असेल ना?"

"असली नावं मी ठेवत नाही."

"अर्थ तरी सांगा."

मास्तरांनी पुढची पोथी उचलली, बासनात घातली, दोरी तिच्याभोवती फिरवली. एक वेढा, दोन, तीन. टोक खाली खोचलं.

रंगराव उठला. त्याने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. तुंगालाही. ती पायरीपाशी थांबली, तेव्हा तो म्हणाला, "वर या, अक्का. तुम्ही वर आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही."

ती वर आली.

"हे दुष्टाव्याने केलेलं नाही," रंगराव म्हणाला. "दुष्टाव्याने करणारा परात उलथी करतो. चोर अंगठी उचलतो. इथे अंगठी धुतलेल्या पानावर ठेवली आहे आणि रुमाल घडीवर घडी झाकला आहे. पुसणाऱ्याचे हात देवघरात रोज वावरणारे आहेत."

"तेच तर म्हणते," गोदावरीबाई म्हणाल्या. "घरातलंच कोणी."

"घरातलंच. पण ते पुसण्याआधी आणखी एक गोष्ट झाली. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे पुढच्याला उकिरड्यावर टाकतात, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. टाकून दिलेलं, कोणाला नको असलेलं मूल. मृत्यू त्याच्याकडे बघत नाही म्हणतात. शेजारीण त्याला सुपात उचलते, आणि घरचं माणूस तिच्याकडून मूठभर कोंड्याला विकत घेतं. मुलाचं नावही मग उकिरड्याचंच. तिप्पे म्हणजे कानडीत उकिरडा. तिप्पण्णा. हे कानात पहिलं जावं लागतं. चांगलं नाव आधी गेलं की सगळं फुकट. म्हणून मुहूर्ताच्या आत उरकलं. कोंडा बाळाच्या मानेत आहे. बाकीचा कोणाच्या पदरात आहे ते मी सांगणार नाही, दात येऊ देत."

वेदवतीने बाळाला घट्ट धरलं.

"कोणी केलं?" प्राणेशने विचारलं.

"उकिरड्यावर जायला चिखल तुडवावा लागतो. तुंगाअक्कांच्या पायांची हळद बघा. सकाळची आहे, कोरडी. त्या मागच्या दाराबाहेर पडलेल्याच नाहीत. वेदक्का आणि गोदावरीबाई मोरीत एकमेकींसमोर होत्या. प्राणेशराव बाजारात. मूल उघडं करून पुन्हा झबलं घातलं गेलं, आणि नाडी बांधली ती बाईच्या हाताने नाही. बाई सुरगाठ मारते. पोथी बांधणारा माणूस गाठ मारत नाही. तीन वेढे देतो आणि टोक खोचतो. उकिरड्यावरून आल्यावर मडीसाठी पुन्हा न्हावं लागतं. पाच वाजता न्हालेल्या माणसाच्या शेंडीतून साडेदहाला पाणी गळत नाही."

कोणी वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"परात का पुसली तेही सांगतो," रंगराव म्हणाला. "स्वतःच्या हाताने लिहिलेलं ते नाव त्यांना बघवेना. आधीची दोन नावंही त्यांनीच लिहिली होती. सगळ्या गावाला सांगितलं की भीतीला कार्ड देत नाही. आणि भीती घरात बसली तेव्हा लपून तिला नातू दिला. पाळण्यावर वाकून त्याच्या कानात म्हणाले, तू कोणाचा नाहीस, बाळा. तू उकिरड्यावरचा तिप्पण्णा. मोठ्या नावाचं कोणी इथे जन्मलंच नाही. आणि मग अंगणात लेक उभी केली गेली, तेव्हा ते पोथी उघडून बसले. कारण खरं सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं."

मास्तर उंबऱ्यात येऊन उभे होते. ते खाली बसले. मग, आता हे तुम्हाला पटणार नाही, पण सत्तावन्न वर्षांच्या त्या माणसाने भर ओसरीत लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी तुला उन्हात ठेवली," म्हणाले. तुंगाने त्यांना उठवलं. गोदावरीबाईंनी तिची ओटी भरली. मोहल्ल्यातली बावीस शिवणयंत्रं त्या क्षणी एकदम थांबली, आणि सगळी गल्ली ऐकत असताना आत्येने बाळाच्या कानात नाव सांगितलं. तिला हवं ते. दर वर्षी माहेरी आली ती. दर वर्षी.

मी थांबलो. पान तोंडात धरलं.

अनंताचा मित्र हसत होता. "मस्त, अज्जा. पण एक सांगा. पाळण्यापाशी दुसरं कोणी नव्हतं, मग कानात काय सांगितलं ते रंगरावाला कसं कळलं?"

"शिंप्याला सगळं कळतं," मी म्हटलं.

"अप्पा."

कृष्णवेणी भिंतीपासून हलली नव्हती. तिने आवाजही चढवला नाही.

"ती तुंगा मी. ते बाळ हा अनंता. दात येऊन गेल्यावर मालतीबाईंनी मला पत्र घातलं, म्हणून ते तुम्ही केलं हे मला कळलं. तुमचं पत्र कधी आलं नाही." तिने अनंताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणी शिंपी आला नव्हता, अप्पा. मी कोठीच्या खोलीत होते की कुठे होते, हे त्या दिवशी मला कोणीच विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."